खुर्चीतून पलंगावर बदली

मला परदेशात जायचं होतं ते बसमध्ये बसायला. हे ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग माझा चेहरा बघून कारण विचारू लागला. बोर्डीच्या आमच्या घरासमोरून दिवसाला दहा-बारा एसटी जातात. मग बसमध्ये बसायला कुणी विमानाने जातं का, ही लोकांची शंका रास्तच होती. पण त्यातल्या एकाही एसटीत मी एकोणिसाव्या वर्षानंतर चढलेले नव्हते. त्या वर्षी मी चिकूच्या क्रेटवर बसून टेंपोतून डहाणू स्टेशनला निघाले होते, वर बसू नको असं तीनदा बजावलेलं असताना, आणि मसोलीच्या वळणावर खाली पडले. मणका गेला. कमरेखालचं शरीर तेव्हापासून माझ्याबरोबर असतं, पण माझं ऐकत नाही. यावर मी याहून जास्त लिहिणार नाही, कारण लोकांना नेमकं तेवढंच वाचायचं असतं.

२०१७च्या उन्हाळ्यात ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी सिंगापूरचा एक व्हिडिओ टाकला. एक बस थांब्यावर येते, हुश्श करते आणि एका बाजूने चक्क खाली बसते. ड्रायव्हर उतरतो, दारातली एक फळी उलटून फुटपाथवर टाकतो, आणि खुर्चीतली एक म्हातारी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत आत जाते. आतली माणसं फोनमध्ये डोकी घालून बसलेली. एकानेही मान वर केली नाही. बस वाकली याचं नवल वाटलंच, पण त्याहून मोठं नवल त्या न वळलेल्या मानांचं वाटलं. मी बाजारात गेले तर भाजीवालीचा तराजू हवेत थांबतो. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं की मी सिंगापूरला जाणार.

घरी आम्ही तिघं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, चिकूची वाडी तोच बघतो. वहिनी घर बघते, वाडी बघते, आणि आम्हा दोघांची भांडणं सोडवते. आईवडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. माझी घोषणा ऐकून वहिनीने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी येते ना गो तुझ्याबरोबर!" मग तिलाच काहीतरी आठवलं आणि ती दादाकडे बघायला लागली. कारण मला उचलायचा दादा. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरातल्या स्टुलावर, पुन्हा खुर्चीत, तिथून रिक्षात, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागे, तोंडाने एक "हं", की मी वर. बावीस वर्षांत त्याने मला एकदाही पाडलं नव्हतं.

"तुला कुठे जायचंय ते ठरव बाय," दादा म्हणाला. "उचलायला मी आहे."

गावातल्या एका काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी कुंपणापाशी थांबून मला म्हण ऐकवली, अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी म्हटलं, "काका, माझे पाय मला पसरता येत असते तर अंथरूण नक्की बघितलं असतं." काका पुढचा आठवडाभर मागच्या वाटेने गेले.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची फजिती तिच्यामुळे झाली. तलासरीतल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापनेच्या टेबलावर कारकून आहे. आस्थापना म्हणजे नेमणुका, रजा, पेन्शन, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बदल्या. २०१४मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि माझ्या टेबलावर बदल्यांचा पूर आला. कोण कुठल्या जिल्ह्यात राहणार, कोणाला जव्हार नको, कोणाच्या सासूला दमा, कोणाची बायको शिक्षिका. विनंती बदली, प्रशासकीय बदली, आपसी बदली, स्थगिती. सरकारी माणूस मरणाला भीत नाही, बदलीला भितो. मी स्वतःही तलासरीला विनंती बदलीनेच आले होते, कारण आधीच्या ठिकाणी माझं टेबल जिन्यावर होतं आणि इथे तळमजल्यावर मिळालं. म्हणजे बदली, किंवा आमच्या साहेबांच्या भाषेत 'ट्रान्सफर', हा शब्द माझ्या रक्तातच होता म्हणा ना.

तर मी तयारीला लागले. परदेशी जायला वरिष्ठांची परवानगी लागते, तिचा अर्ज मीच टाइप केला आणि मीच आवक नोंदवहीत चढवला. तिघांचेही पासपोर्ट काढायला दिले. वहिनीचा का, तर असू दे म्हणून. मग सिंगापूरमधलं एक छोटं हॉटेल शोधलं, जिथे खुर्चीवाल्यांसाठी एक खोली होती. पूर्ण हॉटेलात एकच. त्यांना लिहिलं, तर त्यांनी एक फॉर्म पाठवला.

फॉर्म बघून मला भरून आलं. खुर्चीची रुंदी किती? हाताने चालणारी की बॅटरीची? वळायला किती जागा लागते? बावीस वर्षांत मला लोकांनी खूप प्रश्न विचारले होते. कसं झालं, कधी झालं, काही उपाय नाही का, अमक्या बाबांना दाखवलं का. पण तुमची खुर्ची किती रुंद आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी टेप आणून मोजली. पंचवीस इंच. स्वतःच्या खुर्चीची रुंदी मलाही तोवर माहीत नव्हती.

सातव्या प्रश्नाला मात्र मी अडखळले. तिथे फक्त 'ट्रान्सफर' असा शब्द होता, आणि पुढे तीन चौकोन: स्वतःहून, मदतीने, यंत्राने. मी विचार केला. या लोकांना माझ्या ट्रान्सफरशी काय करायचंय? मग उलगडलं. गरीब देशातला माणूस आला की परत जाणार नाही अशी धास्ती त्यांना असणार, म्हणून नोकरी पक्की आहे का ते तपासतायत. स्वतःहून म्हणजे विनंती बदली, मदतीने म्हणजे वशिल्याने, आणि यंत्राने म्हणजे हल्ली संगणकाने करतात ती. म्हटलं, शिस्तीचा देश आहे, विचारणारच. मी चौकोनांच्या नादी न लागता खालच्या मोकळ्या जागेत, वीस वर्षांच्या टिपणीलेखनाचा सगळा कस लावून, इंग्रजीत उत्तर लिहिलं: उक्त कर्मचारी कायमस्वरूपी असून तिची शेवटची ट्रान्सफर दिव्यांग सवलतीतून विनंतीवरून झाली आहे, आणि सद्यस्थितीत ती ट्रान्सफरला पात्र नाही.

पाठवून दिलं आणि वर दादाला वाचूनही दाखवलं. दादा म्हणाला, "झकास."

चार दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारी हॉटेलातली एक बाई होती. तिने माझी टिंगल केली नाही. तिने लिहिलं की प्रश्न नीट विचारला नाही ही चूक आमची, ट्रान्सफर म्हणजे तुम्ही खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत कशा जाता, एवढंच विचारायचं होतं. आणि सोबत फोटो होते. पहिल्या फोटोत पलंग, आणि पलंगाला जमिनीपासून लावलेला मोजायचा टेप. दुसऱ्यात कमोड आणि टेप. तिसऱ्यात न्हाणीघराचं दार आणि टेप. पलंगाच्या फोटोत टेप धरलेला हात दिसत होता आणि कोपऱ्यात तिचा एक गुडघा, फरशीवर टेकलेला. शेवटी तिने विचारलं होतं, तुमच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून किती उंच आहे? पलंग जास्त उंच पडत असेल तर आम्ही गादी बदलू.

आधी मी हसले, हसता हसता लाल झाले, कारण माझी टिपणी आता सिंगापुरात कुणाकुणाला वाचून दाखवली असेल देव जाणे. पण मग त्या फोटोतल्या गुडघ्याकडे बघत बसले. मला कधीही न पाहिलेली एक बाई माझ्यासाठी जमिनीवर गुडघा टेकून पलंगाची उंची मोजते. देवळात जावं आणि मूर्तीनेच आधी नमस्कार करावा, तसं काहीतरी वाटलं. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव 'टेपवाली' पडलं.

मी तिला लिहिलं, मला माझा भाऊ उचलतो. ती म्हणाली, उत्तम, दोघांची नावं लिहिते. जानेवारीतल्या पाच दिवसांसाठी ती खोली तिने आमच्या नावावर धरून ठेवली.

आणि २०१७च्या पावसाळ्यात एका सकाळी मला रिक्षात ठेवताना दादाने "हं" म्हटलं नाही. "आई गं" म्हटलं. मला त्याने पाडलं नाही, नीट सीटवर ठेवलं, आणि मग रिक्षाच्या कडेला धरून तो खाली बसला. हर्निया. डहाणूला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, आणि माणूस तर यापुढे कधीच नाही. डॉक्टर हे दादाला सांगत होते, पण बघत माझ्याकडे होते. मी खाली बघितलं. त्याचं पोट माझ्या वजनाने फाटलं होतं, याहून सरळ भाषेत मला ते सांगता येत नाही.

त्या महिन्यांत वहिनी आणि वाडीत कामाला येणारी तलासरीकडची एक बाई, अशा दोघी मिळून मला चादरीत घालून हलवायच्या. त्या दोघींनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण वहिनीच्या कपाळावरची शीर मला दिसायची. मी पाणी प्यायचं कमी केलं, म्हणजे न्हाणीघराच्या फेऱ्या कमी. ऑफिसला निम्मे दिवस रजा. सिंगापूर सोडाच, मला स्वतःच्या ओटीवर जाऊन बसायचं तर दोन बायकांना हातातलं काम टाकून यावं लागत होतं. मला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा इतकी. दादा नसेल तर मी या पलंगावरची उशी आहे, कुणी ठेवली तशी पडून राहणारी, हे मला उघड दिसलं होतं.

मी टेपवालीला लिहिलं: भावाला यापुढे उचलता येणार नाही, वहिनीला ते जमणार नाही, म्हणून दौरा रद्द समजावा.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. भावाची चौकशी होती, आणि मग तिने विचारलं होतं, तुमचे हात कसे आहेत? हात चांगले असतील तर आमच्याकडे येणारे बरेच पाहुणे फळीवरून सरकत जातात, कुणी उचलत नाही. तुम्ही कधी करून पाहिलंय का? आधी डॉक्टरांना विचारा, मगच करा. खाली एक रेखाचित्र होतं. खुर्ची, पलंग, मध्ये पुलासारखी फळी, आणि फळीवर बाईचं चित्र. शेवटी लिहिलं होतं, खोली मी दिवाळीपर्यंत ठेवते, मग कळवा.

माझे हात कसे आहेत? मी हात बघितले. बावीस वर्षं चाकं फिरवून दंड मजबूत झालेले, तळव्यांना घट्टे पडलेले. या हातांनी बसल्या जागेवरून मला स्वतःला उचलता येईल, असं ना मला कधी वाटलं होतं, ना कुणी सुचवलं होतं. पडले तेव्हा एवढंच सांगितलं गेलं की हिला जपा. घरच्यांनी जपलं. इतकं जपलं की मला काय येतं हे बघायचं राहूनच गेलं.

डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, पण पडू नका. मसोलीच्या एका म्हाताऱ्या सुताराला दादाने बोलावलं. त्याला मी फोनवरचं चित्र दाखवलं. त्याने सागाची एक फळी आणली, दोन्ही टोकं निमुळती केली आणि दोन दिवस घासत बसला. वहिनीने तिला नाव दिलं सरकफळी. मग पलंगाचा प्रश्न आला. आमचा पलंग जुना, उंच, आणि खुर्ची त्याच्यापेक्षा चार इंच खाली. चढावर सरकायचं कसं? पलंगाचे पाय कापायला सांगितले तर सुतार आपल्या गुजरातीत करवादला, "बेन, चार इंच कापुं तो पलंग छोकरानो थई जशे!" लहान पोराचा पलंग होईल म्हणे.

"होऊ दे," मी म्हटलं. "मला तरी कुठे मोठ्यांसारखं चढता येतं."

दादा टाक्यांना जपत हळूच जमिनीवर बसला आणि त्याने टेप लावून चारी पाय मोजून दिले.

शिकायला मला दोन महिने लागले. टेपवालीने लिहून दिलेलं एक वाक्य मी कागदावर काढून भिंतीला चिकटवलं होतं: डोकं ज्या बाजूला जाईल, कंबर त्याच्या उलट बाजूला जाते. हे इतकं सोपं, आणि तरी मला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. पलंगावर जायचं तर सगळा जीव पलंगाकडे धाव घेतो, डोकंही तिकडेच झुकतं, आणि मग माणूस आहे तिथेच राहतो. डोकं पलंगापासून लांब न्यायचं, नाक पार गुडघ्यांकडे वाकवायचं, तेव्हा बूड पलंगाकडे सरकतं. जिथे जायचंय तिकडे पाठ फिरवल्यासारखं करायचं. पहिल्या दिवशी मी वाकले तेव्हा आपण तोंडावर आपटणार याची मला खात्रीच होती.

आणि आपटलेही. दुसऱ्या आठवड्यात फळी सुटली आणि मी खुर्ची आणि पलंगाच्या मध्ये जमिनीवर. दादा दोन्ही हात पुढे करून धावला, वहिनी मागून ओरडली, "हात लावू नका! टाके आहेत तुमचे!" दादा थांबला. हात तसेच पुढे. ती दोघं उभी, मी खाली, आणि कुणी काय करायचं हे कुणालाच कळेना. मी जमिनीवरूनच म्हटलं, "आधी चहा टाका." कामाची बाई येईपर्यंत मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि चहा प्यायले. आमचं घर खालून कसं दिसतं, ते मला तेव्हा कळलं. कोळिष्टकं फार होती. वहिनीला मी ते सांगितलं, तर ती म्हणाली, "आता पडलीच आहेस तर झाडून घे."

दरम्यान माझ्या ऑफिसातल्या शब्दाने घरात मुक्काम ठोकला. फळीवरून सरकण्याला मराठीत काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या फजितीची कथा वहिनीला तोंडपाठ होती, त्यामुळे ती सकाळी दारात येऊन विचारायची, "काय बाई, आज बदली कुठली?" मी धडपडत अर्ध्यावर पोचून हात मागितला की ती विनंती बदली. मी चिडून हट्टाला पेटले आणि त्या दोघींनी मला जबरदस्तीने चादरीत घातलं की प्रशासकीय बदली. खांदे फार दुखले तर त्या दिवशी स्थगिती. सगळा तालुका ज्या शब्दाला घाबरून माझ्या टेबलापुढे हात जोडून उभा राहायचा, त्याची मी रोज सकाळी देवाकडे मागणी करत होते.

दादा या सगळ्यात दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा. मी पुढे वाकले की त्याचे हात आपोआप उठायचे, मग त्याला आठवायचं आणि तो ते काखेत दाबून धरायचा.

दसऱ्यानंतरची एक सकाळ होती. वहिनी अंगणात फुलं काढत होती. मी खुर्ची पलंगाला लावली, चाकांना ब्रेक लावला, फळी मांडीखाली सरकवली. एक मूठ फळीवर, एक खुर्चीच्या हातावर. नाक गुडघ्यांकडे. आणि रेटा दिला. मी सरकले. थांबले. पुन्हा रेटा दिला. फळीचा गुळगुळीतपणा संपला आणि चादरीची सुरकुती हाताला लागली. मी पलंगावर बसले होते.

मला कुणी ठेवलं नव्हतं. मी गेले होते.

ते नवल मला अजून नीट सांगता येत नाही. बावीस वर्षं माझं वजन दुसऱ्यांना माहीत होतं. दादाला, वहिनीला, रिक्षावाल्याला, ऑफिसच्या शिपायाला. फक्त मला माहीत नव्हतं. त्या सकाळी ते पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या मनगटांवर आलं. केवढं वजन होतं! एक अख्खी बाई होती ती. तिला मी उचलून इथून तिथे आणलं होतं, दीड हात अंतर, आणि मला वाटत होतं की मी समुद्र ओलांडलाय. मी रडले, मोठ्याने रडले. वहिनी फुलांसकट धावत आली आणि मला पलंगावर बघून तीही रडायला लागली.

नंतर मी मुद्दाम परत खुर्चीत आले, परत पलंगावर गेले, परत खुर्चीत. वहिनी म्हणाली, "एका दिवसात तीन बदल्या? वशिला जोरदार आहे."

जानेवारीत मी आणि वहिनी सिंगापूरला गेलो. टेपवाली दारात उभी होती, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, चष्मेवाली. पलंग माझ्या खुर्चीच्या बरोबरीचा होता. आणि बस खरंच खाली बसली. ड्रायव्हरने फळी टाकली, मी चढले, आणि कुणीही बघितलं नाही. मी मात्र सगळ्यांकडे टक लावून बघत होते. वहिनीने मला कोपराने ढोसलं, "लोकांकडे असं बघू नये." त्या पाच दिवसांत आम्ही अकरा वेळा बसने फिरलो, कुठे जाते ते न विचारता.

पण माझ्या मनात अजून घर करून आहे ते सिंगापूर नव्हे. ते दसऱ्यानंतरच्या त्याच दिवशीचं आहे, दुपारचं.

जेवणं झाली होती. मी टेपवालीचा फॉर्म पुन्हा उघडला आणि सातव्या प्रश्नापुढच्या पहिल्या, 'स्वतःहून'च्या चौकोनावर खूण केली. दादाला म्हटलं, "झालं बघ. आता तुला विमानात बसायला नको, वहिनी येईल माझ्याबरोबर. आणि यापुढे रोज उठून मला उचलायलाही नको. सुटलास तू."

मी हे आनंदाने म्हटलं होतं. मला वाटलं तो हसेल. तो दारातच उभा होता, सकाळपासून जणू तिथून हललाच नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सरकफळीकडे. मग घसा खाकरला.

"बाय," तो म्हणाला, "मग आता... आम्ही दोघं एकदा सापुताऱ्याला जाऊन आलो तर चालेल का? एकच रात्र."

मला आधी कळलंच नाही की तो परवानगी मागतोय. माझी. सत्तेचाळीस वर्षांचा माझा मोठा भाऊ. सापुतारा आमच्यापासून काही तासांवर आहे. इथली माणसं शनिवारी उठतात आणि जाऊन येतात. मी आठवायला लागले, दादा रात्री घराबाहेर कधी राहिलाय? त्याच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. वहिनीच्या माहेरची लग्नं आठवली. प्रत्येक लग्नाहून तो जेवून संध्याकाळच्या आत परत आलेला, आणि वहिनी त्याच्याबरोबरच, कारण तो एकटा परत आला तर लोक काय म्हणतील. एकही रात्र नाही. ऑपरेशनच्या वेळच्या हॉस्पिटलातल्या रात्री सोडल्या, तर मी पडले त्या वर्षापासून एकही नाही. मी पलंगावर कशी जाते, हा प्रश्न मला सिंगापूरच्या बाईने विचारला तेव्हा मी धन्य झाले होते. पण मला पलंगावर ठेवून झाल्यावर हा माणूस कुठे जातो, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. सगळ्या तालुक्याच्या रजा माझ्या टेबलावरून जातात. याने कधी अर्जच दिला नव्हता.

मी बोटांवर ती वर्षं मोजत बसले. त्याला वाटलं मी नाही म्हणणार. तो घाईघाईने म्हणाला, "नाहीतर राहू दे. जाऊन-येऊन पण करता येईल."

"जा रे दादा," मी म्हटलं. "जा. हवं तितकं राहा."

"एक रात्र बस झाली."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज मघापासून थांबलेला होता. तिथून वहिनी म्हणाली, "एक नाही. दोन."